जुन्या रिसीव्हरमध्ये फिल्टर बसवला, तरी कमजोर सिग्नल दबलेलाच: दोष कुठे शोधायचा

तक्रार बहुधा अशी असते. जुना व्हॉल्व्हचा कम्युनिकेशन्स रिसीव्हर बरा चालत होता. फक्त त्याची आयएफ (मिक्सरनंतरची मधली ठराविक फ्रिक्वेन्सी) सहा ते आठ किलोहर्ट्झ रुंद, त्यामुळे रात्री ७ मेगाहर्ट्झवर एका स्टेशनावर दुसरं चढलेलं. म्हणून ४५५ किलोहर्ट्झचा फिल्टर मागवला आणि आयएफमध्ये जोडला. आता सेट बहिरा झाल्यासारखा वाटतो, एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर) पाच घरं खाली बसलाय, आणि शेजारचं दणदणीत स्टेशन तरीही आत शिरतंच. फिल्टर बदलून पाहिला, तरी तेच.

फिल्टर क्वचितच खराब असतो. दोष असतो त्याच्या अवतीभवती: त्याला मिळालेला इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध), त्याच्यामुळे गेलेला गेन (सिग्नलची वाढ), त्याला वळसा घालून जाणारा सिग्नल आणि त्याच्याशी न जुळवलेले आयएफटी (आयएफचे ट्रान्सफॉर्मर). पाच घरं म्हणजे ३० डीबी. एवढं नुकसान कुठल्याही धड फिल्टरच्या आत होत नाही. सिरॅमिक फिल्टर साधारण ६ डीबी खातो.

फिल्टरकडून काय मिळायला हवं, तेही आधी स्पष्ट असावं. फिल्टर सिग्नल वाढवत नाही, गोंगाट कापतो. बँडविड्थ ६ किलोहर्ट्झवरून २.४ वर आणली, तर सिग्नल-गोंगाट गुणोत्तर ४ डीबीने सुधारतं. ५०० हर्ट्झवर आणली, तर जवळपास ११ डीबीने. सीडब्ल्यूमध्ये (मोर्समध्ये) ११ डीबी म्हणजे ऐकू न येणारं स्टेशन नीट उतरवून घेता येणं. एसएसबीवर (सिंगल साइडबँडच्या बोलण्यावर) मात्र ४ डीबीपेक्षा मोठा फायदा शेजारचं स्टेशन हटण्याचा असतो.

आधी गोंगाट कुणाचा ते ठरवा

एजीसी (सिग्नलच्या जोरानुसार गेन आपोआप कमी-जास्त करणारं सर्किट) बंद करा, सीडब्ल्यूच्या जागेवर रिकामी फ्रिक्वेन्सी धरा, ऑडिओ आउटपुटवर एसी व्होल्टमीटर लावा. अँटेना काढून आकडा घ्या, मग जोडून घ्या. अँटेना जोडल्यावर व्होल्टेज दुप्पट किंवा जास्त झालं, म्हणजे गोंगाट ६ डीबीने वाढला, तर रिसीव्हरची संवेदनशीलता त्या बँडपुरती पुरेशी आहे. त्याच्या स्वतःच्या गोंगाटामुळे होणारं नुकसान सव्वा डीबीच्या आसपास राहतं. पुढे प्रीअँप्लिफायर जोडून काही हाती लागत नाही, उलट ओव्हरलोड वाढतो.

नागपुरात उन्हाळ्यात ही चाचणी फसवी ठरू शकते. कूलरच्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर हे सगळे ३ ते १० मेगाहर्ट्झमध्ये भरपूर घाण सोडतात. घराचा मेन स्विच पाडून बॅटरीवरच्या ट्रान्झिस्टरने तोच बँड ऐका. गोंगाट गेला तर तो घरातला. राहिला आणि त्यात १०० हर्ट्झची गुणगुण असली, तर बाहेरची ११ केव्ही लाईन तपासायला हवी. महिनोन् महिने धूळ बसलेल्या इन्सुलेटरवर पहिला पाऊस पडला की हा आवाज हमखास वाढतो. मे-जूनच्या वादळी संध्याकाळी ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या बँडवर) जो कडकडाट असतो, त्यावर अरुंद फिल्टर थोडाच उपाय करतो. फार अरुंद फिल्टर असेल, तर तो त्या कडकडाटाला लांबवतोसुद्धा. म्हणून फिल्टरचा निकाल वादळाच्या दिवशी लावू नका.

हात घालण्याआधी

एचटी, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारं उच्च डीसी व्होल्टेज, २५० व्होल्टच्या पुढे असतं. सेट बंद करून, प्लग काढून, १० किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टरने पॉवर सप्लायचे फिल्टर कंडेन्सर रिकामे करा आणि मीटरने खात्री करा. हॅलिक्राफ्टर्स एस-३८ सारख्या एसी-डीसी सेटमध्ये चेसिस थेट मेनच्या एका तारेशी जोडलेलं असतं. ते आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडूच नका.

मेणाचे आणि कागदी कंडेन्सर, विशेषतः एजीसी लाईनवरचे आणि स्क्रीन बायपासचे, आधी बदला. ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर चालतात. गळक्या कंडेन्सरमुळे एजीसी लाईन अर्धीमुर्धी बसलेली असेल, तर फिल्टर लावल्यावर दिसणारी निम्मी लक्षणं त्या गळतीचीच असतात. जुने कार्बन रेझिस्टरही मोजून घ्या, ते वयाबरोबर वर चढतात.

गेन कुठे गेला

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक इथली. सीएफडब्ल्यू४५५एचटी, सीएफडब्ल्यू४५५आयटी, सीएफएस४५५जे हे फिल्टर दोन्ही बाजूंना २ किलोओहम मागतात. पहिल्याची बँडविड्थ ६ किलोहर्ट्झ, दुसऱ्याची ४, तिसऱ्याची ३. व्हॉल्व्हच्या आयएफटीचा इम्पीडन्स मात्र ५० ते १०० किलोओहमच्या घरात असतो.

६बीई६ मिक्सरचा कन्व्हर्जन ट्रान्सकंडक्टन्स ०.४७५ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट आहे. प्लेटवर ६० किलोओहमचा लोड असेल, तर गेन २८ च्या आसपास. त्याच प्लेटला दोन्हीकडून २ किलोओहम, म्हणजे मिळून १ किलोओहम लावला, तर गेन ०.५ सुद्धा राहत नाही. ३५ डीबी इथेच गेले. त्यात फिल्टरचे स्वतःचे ६ मिळवा. सेट बहिरा का झाला, ते एवढ्यात कळतं.

ओळखायची खूण सोपी आहे. आयएफटीचा स्लग (जुळवणीचा फिरता गाभा) फिरवला तरी पीक येत नाही, सुई जागची हलत नाही, तर फिल्टरने ट्रान्सफॉर्मर दाबून टाकलेला आहे. उलट प्रकारही दिसतो: फिल्टरचा आउटपुट टर्मिनेशनशिवाय थेट पुढच्या ग्रिडला जोडलेला. तेव्हा पासबँड सपाट न राहता त्यात दोन-तीन उंचवटे येतात, सीडब्ल्यूचा टोन घंटेसारखा घुमतो आणि एसएसबीवर आवाज पोकळ लागतो.

उपाय म्हणजे मध्ये एक जेएफईटी (फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर). बीएफडब्ल्यू१० किंवा बीएफडब्ल्यू११ कॉलेजच्या लॅबमुळे आपल्याकडे वर्षानुवर्षं मिळत आलेत. जे३१० मिळाला तर तोही उत्तम. पहिल्या आयएफटीच्या सेकंडरीचं गरम टोक पुढच्या ग्रिडपासून सोडवा. तिथून १०० पिकोफॅरॅडने गेटवर या आणि गेटला १ मेगाओहम ग्राउंडला द्या. सोर्सला बीएफडब्ल्यू११ साठी ४७० ओहम आणि त्यावर ०.१ मायक्रोफॅरॅडचा बायपास, ड्रेनला १२ व्होल्टवरून २.२ किलोओहम. ड्रेनवरून १० नॅनोफॅरॅडने फिल्टरच्या इनपुटवर. फिल्टरच्या आउटपुटला २ किलोओहम ग्राउंडला, आणि तिथून १० नॅनोफॅरॅडने पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर.

ड्रेनवर ५ ते ८ व्होल्ट मिळायला हवेत. कमी मिळाले तर सोर्स रेझिस्टर वाढवा. बीएफडब्ल्यू१० ला बहुधा १ किलोओहमच्या जवळपास लागतो, कारण त्याचा करंट जास्त असतो. या दोघांना चार पाय असतात आणि चौथा डब्याचा. तो ग्राउंड करा, नाहीतर स्टेज शिट्टी मारू शकते. एकूण गेन साधारण ८ ते ९ डीबी मिळतो, फिल्टर ६ खातो, म्हणजे सेट पूर्वीच्याच पातळीवर येतो किंवा किंचित वर. याहून जास्त गेन मुद्दाम काढू नका.

१२ व्होल्टसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. हीटरच्या ६.३ व्होल्टवर १एन४००७ चे दोन डायोड आणि ४७० मायक्रोफॅरॅड २५ व्होल्टचे दोन कंडेन्सर यांचा डबलर केला की सोळा व्होल्टच्या आसपास मिळतात, त्यावर ७८एल१२. हीटरची एक बाजू ग्राउंडला आहे ना, ते आधी पाहा. सेंटर-टॅप ग्राउंड असेल तर हा डबलर तसाच चालणार नाही.

जागा मिक्सरनंतर लगेचचीच निवडा. फिल्टर दुसऱ्या आयएफ स्टेजनंतर टाकला, तर शेजारचं जोरदार स्टेशन पहिल्या स्टेजला आधीच कोंबून टाकतं. एजीसी डिटेक्टर फिल्टरच्या पुढे असल्यामुळे त्याला याचा पत्ताच नसतो. ड्रेक आर-४सी सारख्या नावाजलेल्या सेटमध्येही हेच दुखणं होतं. मागच्या बाजूला अरुंद फिल्टर, पण पहिल्या आयएफचा फिल्टर ८ किलोहर्ट्झ रुंद, त्यामुळे दोन किलोहर्ट्झवरचं तगडं स्टेशन आत येऊन गोंधळ घालायचं. पहिल्या आयएफमध्ये ६०० हर्ट्झचा फिल्टर बसवल्यावर तो सेट बदलला. ऑडिओ फिल्टरची मर्यादाही हीच आहे. कानाला आवाज स्वच्छ लागतो, पण एजीसी शेजाऱ्याच्या तालावर गेन खाली-वर करतच राहतो.

एजीसी आणि डीसी

मूळ सर्किटमध्ये सेकंडरीच्या थंड टोकातून पुढच्या ग्रिडला एजीसी मिळत होता. तो मार्ग आपण तोडला. ग्रिडवरून ४७० किलोओहम सरळ एजीसी लाईनला जोडला नाही, तर ग्रिड अधांतरी राहतो. सेट थोडा वेळ चालतो, मग हळूहळू आवाज फाटतो आणि जोरदार स्टेशनावर बंद पडतो.

दुसरी गफलत याच्या उलट. गेटला १०० पिकोफॅरॅड न घालता सेकंडरी थेट जोडली, की एजीसीचं ऋण व्होल्टेज गेटवर येतं. स्टेशन जितकं जोरदार तितका जेएफईटी बंद. कमजोर सिग्नल चांगला आणि मध्यम सिग्नल गायब, असं विचित्र लक्षण दिसलं तर आधी हे पाहा.

आणि फिल्टरवर डीसी कधीच येऊ देऊ नका. एचटी लागलेला सिरॅमिक फिल्टर दुरुस्त होत नाही. कॉलिन्स आर-३९०ए मध्ये सी५५३ हा कंडेन्सर एचटीला मेकॅनिकल फिल्टरपासून अडवतो. तो गळायला लागला की फिल्टरची कॉइल जळते, आणि ते फिल्टर आज सहज मिळत नाहीत. असा सेट हाती आला, तर चालू करण्याआधीच सी५५३ बदलून ६०० व्होल्टच्या वरचा नवा लावा.

मधली फ्रिक्वेन्सी

प्रत्येक जुना सेट ४५५ चा नसतो. मार्कोनी सीआर१०० ची आयएफ ४६५ किलोहर्ट्झ, एडीस्टोनच्या ६८०एक्स ची ४५०, बीसी-३४८ ची ९१५, आर११५५ ची ५६०. आरसीए एआर८८डी ४५५ चा, पण दिसायला तसाच असलेला एआर८८एलएफ ७३५ चा. ९१५, ५६० आणि ७३५ च्या आयएफसाठी ४५५ चा फिल्टर विकत घेणं म्हणजे पैसे वाया. एडीस्टोनसाठी सीएफडब्ल्यू४५० मालिकेतले फिल्टर शोधा, तेच त्याला बसतात.

४६५ चा सेट ४५५ वर आणता येतो. वारंवारता ती करायला कॉइलवरची कपॅसिटी ४.४ टक्क्यांनी वाढवावी लागते. १५० पिकोफॅरॅडचा कंडेन्सर असेल, तर ६.८ चा एनपीओ (तापमानाने न बदलणारा सिरॅमिक कंडेन्सर) समांतर जोडला की स्लगला पुरेशी जागा मिळते. मात्र ऑसिलेटर तिथेच राहिल्यामुळे डायल १० किलोहर्ट्झने सरकलेली दिसेल. ऑसिलेटरचे ट्रिमर आणि पॅडर पुन्हा जुळवल्याशिवाय ट्रॅकिंग बरोबर येणार नाही, आणि बीएफओही (सीडब्ल्यू-एसएसबी ऐकण्यासाठी आयएफजवळ चालणारा ऑसिलेटर) खाली आणावा लागेल. हे काम बाकी ठेवून फिल्टरला दोष देणारे बरेच असतात.

४५५ चा सेट असला तरी फिल्टरचा मध्य नेमका ४५५.० वर असेलच असं नाही. सिरॅमिक फिल्टर किलोहर्ट्झभर इकडे-तिकडे निघतो. म्हणून नियम एकच: आयएफटी फिल्टरला जुळवायचे, छापील आकड्याला नाही.

फिल्टर लावण्याआधीच नॅनोव्हीएनएवर (फिल्टरचा आलेख दाखवणाऱ्या छोट्या मोजयंत्रावर) पाहून घेतला तर उत्तम. हल्ली नव्या डब्यात जुने किंवा भलतेच छाप मारलेले फिल्टर विकले जातात, तेही इथेच उघडे पडतात. पोर्ट ५० ओहमचे, फिल्टर २ किलोओहमचा. म्हणून दोन्ही बाजूंना १.८ किलोओहम आणि १५० ओहम सिरीजमध्ये लावा. फिल्टरऐवजी तार ठेवली तर वाचन उणे ३२ डीबी येईल, ती तुमची शून्य रेषा. फिल्टर लावल्यावर त्याहून ६ डीबी खाली सपाट माथा दिसायला हवा. या पद्धतीत नॅनोव्हीएनएकडे खाली जेमतेम ३५ डीबीची जागा उरते, त्यामुळे फिल्टरचा खोल उतार यावर मोजता येत नाही. मध्य आणि रुंदी मात्र नेमकी कळते.

सेटमध्ये जुळवणी अशी करा:

१. एजीसी बंद. मिक्सरच्या ग्रिडवर १० नॅनोफॅरॅडमधून स्थिर जनरेटरचा बिनमॉड्युलेशनचा सिग्नल द्या. सीआय५३५१ या फ्रिक्वेन्सी बनवणाऱ्या चिपचं स्वस्त मॉड्यूल पुढे अॅटेन्युएटर लावून चालतं. जुना सर्व्हिस जनरेटर वापरायचा तर सोबत फ्रिक्वेन्सी काउंटर हवाच.

२. डिटेक्टरच्या लोडवर १० मेगाओहमचा डिजिटल मीटर. सिग्नल इतकाच ठेवा की मीटर १ व्होल्टच्या आसपास राहील.

३. २०० हर्ट्झच्या पायऱ्यांनी वर-खाली जा. व्होल्टेज जिथे निम्मं होतं ते दोन बिंदू लिहा. त्यांच्या मधला बिंदू हा खरा मध्य.

४. त्या बिंदूवर जनरेटर ठेवून सगळे आयएफटी पीकला आणा, मागून पुढे. जेएफईटीने सेकंडरीवर काही पिकोफॅरॅड वाढवलेले असतात, त्यामुळे पहिल्या आयएफटीचा स्लग जुन्या जागेपासून हलणारच.

५. पुन्हा तिसरी पायरी. उंचवटे दिसले तर आउटपुटवरचा २ किलोओहम तपासा.

वळसा घालून जाणारा सिग्नल

गेन परत आला, मध्य जुळला, तरी पाच किलोहर्ट्झवरचं जोरदार स्टेशन दबक्या आवाजात ऐकू येत राहतं. फिल्टरच्या कागदावर ६० डीबीचा अडथळा लिहिलेला, आणि सेटमध्ये ३०-३५ च मिळतात. कारण फिल्टरच्या इनपुटपासून आउटपुटपर्यंत सिग्नलने दुसरी वाट शोधलेली असते.

१ पिकोफॅरॅडचा अडथळा ४५५ किलोहर्ट्झवर ३५० किलोओहम असतो. २ किलोओहमच्या सर्किटमध्ये ही गळती पासबँडच्या मानाने उणे ३३ डीबीच्या आसपास पडते. म्हणजे दोन तारा जवळून गेल्या किंवा साधा टॉगल स्विच मध्ये आला, की महागडा फिल्टर निम्मा निकामी. १०० किलोओहमच्या सर्किटमध्ये तोच १ पिकोफॅरॅड म्हणजे जवळजवळ उघडं दार. जेएफईटी लावून २ किलोओहमवर उतरण्याचं गेनइतकंच मोठं कारण हे आहे.

गळती तपासायची रीत: फिल्टर पूर्ण काढा, टर्मिनेशनचे रेझिस्टर तसेच ठेवा, जनरेटरचा जोरदार सिग्नल मध्यावर द्या. आता जे ऐकू येतं ते सगळं वळशाचं. मग एक-एक वाट बंद करत जा. इनपुट आणि आउटपुटच्या मध्ये पत्र्याचा आडपडदा उभा करा. तेलाच्या डब्याचा कथिल चढवलेला पत्रा डाग लगेच धरतो, अॅल्युमिनियमच्या मागे लागू नका. पडदा फिल्टरच्या पोटाखालून, त्याच्या ग्राउंड पिनांना दोन-तीन ठिकाणी डाग देऊन चेसिसला पक्का करा. फिल्टरचा धातूचा डबाही ग्राउंड झाला पाहिजे.

रुंद आणि अरुंद असे दोन फिल्टर निवडायचे असतील तर एकाच डबल-पोल रिलेमध्ये इनपुट आणि आउटपुट आणू नका. दोन वेगळे छोटे सिग्नल रिले घ्या, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. न निवडलेला फिल्टर दोन्ही बाजूंनी ग्राउंडला जाईल अशी जोडणी करा. पॅनेलवरच्या स्विचमध्ये फक्त रिलेचा डीसी असू दे. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात १२ व्होल्टचे असे रिले सहज मिळतात. कॉइलवर उलटा १एन४००७ विसरू नका.

चेसिसखाली लांब जावं लागलं, तर २ किलोओहमच्या बाजूला आरजी-१७४ वापरा. ती मीटरला सुमारे १०० पिकोफॅरॅड असते, वीतभर लांबी चालते. गेटच्या बाजूला मात्र केबल नकोच, जेएफईटी आयएफटीच्या पायाशी हवा.

पडदा घालूनही गळती तेवढीच राहिली, तर ती एचटी किंवा एजीसीच्या लाईनमधून जातेय. प्रत्येक स्टेजच्या एचटीला १ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरॅड, एजीसीला १०० किलोओहम आणि १० नॅनोफॅरॅड, असे स्वतंत्र डीकपलिंग द्या.

बीएफओ

२.४ किलोहर्ट्झच्या फिल्टरवर बीएफओ मध्यापासून साधारण १.५ किलोहर्ट्झ दूर हवा. मध्य ४५५.० असेल तर ४५३.५ किंवा ४५६.५. ५०० हर्ट्झच्या सीडब्ल्यू फिल्टरवर ७०० हर्ट्झ दूर. जुना बीएफओ पूर्वीच्या जागेवरच राहिला, तर सीडब्ल्यूचा टोन जिथे ऐकू येतो तिथे फिल्टर उघडा नसतो आणि फिल्टर उघडा असतो तिथे टोन शून्य असतो. लोक याला फिल्टर मेला म्हणतात.

बीएफओ लावताच अँटेनाशिवाय एस-मीटर चढला, तर बीएफओ आयएफमध्ये गळतोय आणि एजीसी त्याच्यामुळे गेन पाडतोय. बीएफओच्या व्हॉल्व्हला शील्ड, त्याच्या एचटीला स्वतंत्र डीकपलिंग आणि कपलिंग कंडेन्सर डिटेक्टरशीच, एवढ्यात बहुतेकदा भागतं. साध्या डायोड डिटेक्टरवर एसएसबी ऐकताना ऑडिओ पूर्ण उघडा आणि आवाज आरएफ गेनने कमी-जास्त करा, कारण बीएफओ सिग्नलपेक्षा बराच मोठा असला तरच डिटेक्शन स्वच्छ होतं.

जुना एलसी बीएफओ काढून सीआय५३५१ लावायचा मोह होतो आणि स्थिरतेच्या दृष्टीने तो योग्यच आहे. पण त्याची चौकोनी लाट गाळून घ्या. ४५५ चा आठवा हार्मोनिक ३.६४० मेगाहर्ट्झवर आणि एकतिसावा १४.१०५ वर येतो, दोन्ही हॅम बँडमध्ये. शील्ड केलेला डबा आणि साधा आरसी लो-पास नसेल, तर कमजोर स्टेशन शोधता शोधता स्वतःच्याच शिट्ट्या ऐकत बसाल.

आयएफच्या आधीचा दोष

काही तक्रारी फिल्टर कधीच सोडवू शकत नाही. ४५५ च्या आयएफला इमेज, म्हणजे मिक्सरमधून त्याच आयएफवर येणारी दुसरी नकोशी फ्रिक्वेन्सी, ९१० किलोहर्ट्झ दूर असते. १४.२ ते १४.३५ मेगाहर्ट्झ ऐकताना, ऑसिलेटर वरच्या बाजूला असेल, तर १५.११ ते १५.२६ ची इमेज येते, आणि तिथे १९ मीटरची ब्रॉडकास्ट स्टेशनं बसलेली आहेत. २० मीटरवर मधूनच एखादी परदेशी बातमी ऐकू आली तर आरएफ स्टेजचे ट्रिमर जुळवा, प्रीसिलेक्टर (अँटेनानंतरचा जुळवता येणारा गाळणी-टप्पा) लावा. आयएफला हात लावू नका.

नागपुरात दुसरा प्रश्न मिडियम वेव्हचा. आकाशवाणीच्या ५८५ किलोहर्ट्झसारखं स्थानिक स्टेशन लांब तारेच्या अँटेनावर मिक्सरला सहज दाबतं. आर११५५ ची ५६० ची आयएफ तर त्याच्यापासून अवघी २५ किलोहर्ट्झ दूर. अँटेनावर २.५ मेगाहर्ट्झचा हाय-पास फिल्टर लावा: सिरीजमध्ये २ नॅनोफॅरॅड, ६६० पिकोफॅरॅड, २ नॅनोफॅरॅड, आणि त्यांच्या दोन सांध्यांवरून ग्राउंडला प्रत्येकी २ मायक्रोहेन्री. २ नॅनोफॅरॅड म्हणजे १ नॅनोचे दोन समांतर, ६६० म्हणजे ३३० चे दोन. सगळे एनपीओ किंवा पॉलिस्टायरीन. कॉइलसाठी टी५०-२ रिंगवर २० वेढे. ५८५ वर ६० डीबीहून जास्त अडथळा मिळतो, ४५५ वर ७० च्या पुढे, आणि ३.५ मेगाहर्ट्झवर नुकसान जाणवत नाही. मिडियम वेव्ह ऐकायची असेल तेव्हा बाजूला काढायला एक स्विच ठेवा. या फिल्टरने ४० मीटरवरचा रात्रीचा गोंगाट एकदम खाली आला, तर तो गोंगाट बँडचा नव्हताच, तुमच्या मिक्सरमध्ये तयार होत होता.

उष्णता

खोलीत ४० अंश आणि त्यात व्हॉल्व्हची स्वतःची गर्मी. ऑसिलेटर आणि एलसी बीएफओ दोन्ही सरकतात, आणि पूर्वी ६ किलोहर्ट्झच्या आयएफमध्ये लपून जाणारा सरकाव ५०० हर्ट्झच्या फिल्टरमध्ये स्टेशन बाहेर काढतो. पाऊण तास सेट तापू द्या, जुळवणीही तापल्यावरच करा. जानेवारीत जुळवलेला सेट मे महिन्यात पुन्हा एकदा तपासावा लागतो. सिरॅमिक फिल्टर रेक्टिफायर आणि आउटपुट व्हॉल्व्हपासून लांब, शक्यतो चेसिसच्या खालच्या बाजूला ठेवा. कूलरसमोर सेट ठेवू नका: ओलसर झोत जुन्या कॉइलना आणि फिनॉलिक सॉकेटना मारक असतो, आणि वाऱ्याच्या झुळकीने ऑसिलेटर डुलतो ते वेगळंच.

जुन्या कॉलिन्सच्या काही मेकॅनिकल फिल्टरमध्ये आतल्या चकत्यांना आधार म्हणून फोम असतो. वयाबरोबर आणि उष्णतेने त्याचा चिकट लगदा होतो, तो चकत्यांना धरतो आणि फिल्टरचं नुकसान २०-३० डीबीने वाढतं. दोन्ही टोकांची कॉइल मीटरवर शाबूत दिसते, बाहेरून काही कळत नाही. बाकी सगळं तपासून झालं आणि फक्त एका बँडविड्थवर सेट बहिरा असेल, तर त्या एका फिल्टरवर संशय घ्यायला हरकत नाही. तो काढून त्याच्या स्वतःच्या टर्मिनेशनवर वेगळा मोजा. २ किलोओहमचा हिशेब इथे चालत नाही, जुन्या कॉलिन्स फिल्टरना बरेच जास्त इम्पीडन्स आणि दोन्ही बाजूंना रेझोनेटिंग कंडेन्सर लागतो. तो कंडेन्सर न लावता मोजलेला चांगला फिल्टरसुद्धा मेलेला दिसतो.